आठवीतली पोरं, ऐन वेचणीचे दिवस आणि एनएमएमएसचे कागद

गरीब मुलांच्या शिक्षणाला मदत करायची म्हटलं की आपल्याकडे वह्या वाटतात. १५ ऑगस्टला वाटतात, २६ जानेवारीला वाटतात, कोणाचा वाढदिवस असला की वाटतात. ते चांगलंच आहे, मीही वाटल्या आहेत. पण आमच्या गावात जे जवळून पाहिलं त्यावरून सांगते, आठवीनंतर जी पोरं शाळा सोडतात ती वही नाही म्हणून सोडत नाहीत. आठवीपर्यंत शाळा गावातच असते, पुस्तकं फुकट, ड्रेस फुकट, दुपारी खिचडी. नववीला हायस्कूल दुसऱ्या गावात, खिचडी बंद, पुस्तकं विकत, आणि पोरगं चौदा वर्षांचं झालेलं म्हणजे वावरात पूर्ण मजुरीचं झालेलं. त्या एका उन्हाळ्यात घरोघरी ठरतं की हे पोरगं पुढं जाणार की इथंच थांबणार.

आणि नेमकं ह्याच जागेसाठी सरकारची एक स्कॉलरशिप आहे, एनएमएमएस, म्हणजे नॅशनल मीन्स कम मेरिट स्कॉलरशिप. केंद्र सरकारने २००८ मध्ये सुरू केली. आठवीत परीक्षा द्यायची, नंबर लागला की नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. आधी महिन्याला ५०० होते, २०१७ पासून १,००० झाले. देशात दर वर्षी एक लाख नव्या मुलांना मिळते, त्यातले ११,६८२ आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याचे. घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे आणि मूल जिल्हा परिषदेच्या नाहीतर अनुदानित शाळेत शिकणारं पाहिजे. आमच्या गावातलं जवळपास प्रत्येक घर ह्यात बसतं. तरी गावात कोणाला मिळाल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात राहते, माझं सासर आहे हे. डी.एड. झालेलं आहे, नोकरी लागली नाही, घरची शेती आणि शिलाई मशीन यावर चालतं. शाळेतले गुरुजी एकदा ब्लाऊज शिवायला टाकलेल्या त्यांच्या मिसेससोबत आले होते, बोलता बोलता म्हणाले की ताई फॉर्म मी भरतो, अभ्यासही जमेल तसा घेतो, पण कागदांच्या मागं लागायला माझ्याकडे माणूस नाही, दोन शिक्षक आणि चार वर्ग, तालुक्याला जायचं म्हणजे शाळा बंद. मी म्हटलं कागदांचं मी बघते. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, जून संपता संपता, तर त्या जुलैपासून सुरुवात केली.

पहिलं काम मी केलं ते म्हणजे आठवीतल्या सगळ्या पोरांचे आधार कार्ड मागवले आणि शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरसमोर ठेवून एकेक नाव लावून पाहिलं. कोणालाही मदत करायची असली तर माझं ऐका, इथूनच सुरू करा. अभ्यास नंतर होतो. अर्ध्या पोरांचं नाव जुळत नव्हतं. कुठं आडनावाचं स्पेलिंग वेगळं, कुठं बापाच्या नावाच्या जागी आज्याचं नाव, दोघातिघांची जन्मतारीख एक जानेवारी कारण आधारच्या कॅम्पमध्ये कोणालाच तारीख सांगता आली नव्हती. आणि एका पोरीचं तर नावच वेगळं, शाळेत एक आणि आधारवर घरी हाक मारतात ते, आजी घेऊन गेली होती कॅम्पला आणि आजीनं जे म्हटलं ते त्यांनी टाईप केलं. ही पोरगी वर्गात हुशार, सातवीला सत्तरच्या वर टक्के. नंबर लागण्यासारखी कोण आहे असं विचारलं तर गुरुजींनी पहिलं तिचंच नाव घेतलं होतं. तिच्या बापाचं दोन एकर वावर, बाकी दोघं नवरा बायको मजुरीला.

नाव बदलायला मुख्याध्यापकांचा सही शिक्क्याचा दाखला चालतो, पण तो आधारवाल्यांच्या नमुन्यातलाच लागतो, फोटो लावून, फोटोवर अर्धी सही आलेली. शाळेच्या लेटरहेडवर लिहून नेला तर परत पाठवतात. हे सेंटरवरच्या पोरानं आम्हाला नीट समजावून सांगितलं, भला पोरगा होता, नमुन्याची झेरॉक्सही दिली. जन्मतारखेला मात्र जन्माचाच दाखला लागतो. तो ज्यांचा ग्रामपंचायतीत नोंदलेला होता त्यांचं लवकर झालं.

मग उत्पन्नाचा दाखला. हा तहसीलमधून निघतो पण त्याआधी पटवाऱ्याचा अहवाल लागतो. आमचा पटवारी चार गावांचा, कोणत्या दिवशी कोणत्या गावात भेटेल ते फोन करूनच विचारावं लागतं. मजुरी करणाऱ्या माणसाला हे शक्यच नसतं हो, एक दिवस गेला म्हणजे एक रोज बुडाला, आणि पटवारी भेटला नाही तर तो रोज उगाच बुडाला. म्हणून मी काय केलं, सगळ्यांचे रेशनकार्ड, आधार, फोटो, स्वयंघोषणापत्र एका फाईलला लावलं आणि एकाच दिवशी सगळे अहवाल घेतले, आणि सेतूमध्येही एकदमच टाकले. पटवारी साहेबांनाही बरं पडलं. प्रत्येक घरातल्या माणसानं वेगवेगळं जायची गरजच नसते, पण हे जोडून आणायला एक माणूस लागतो.

कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, एक पोरगा वर्गात होता, त्याचं वेगळंच. पोडावरची बरीच पोरं आश्रमशाळेत जातात, आणि सरकारी खर्चानं राहून जेवून शिकणाऱ्यांना एनएमएमएस नाही. हा मात्र आईला सोडून राहायला तयार नाही म्हणून गावच्या शाळेत होता, त्यामुळे तो चालत होता. आदिवासींना पासिंगची अट ४० टक्क्यांऐवजी ३२ आहे आणि यादीही वेगळी लागते, पण त्याला जातीचा दाखला पाहिजे, आणि त्याला १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे. त्याच्या घरात शाळेत गेलेला हा पहिला माणूस. बाप नाही गेला, आजा नाही गेला. शाळेचा जुना दाखला कुठून आणायचा? शेवटी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल पंजीची नक्कल मागितली, जुन्या काळी कोतवाल गावातले जन्ममृत्यू लिहून ठेवायचा ते बुक. मोडीसारख्या अक्षरात त्याच्या पणज्याच्या मुलाच्या जन्माची नोंद निघाली, जातीच्या रकान्यात कोलाम स्पष्ट लिहिलेलं. त्याचा बाप त्या कागदाकडे किती वेळ बघत होता. वाचता येत नव्हतं त्याला, तरी बघत होता. मला विचारलं, "ताई, माह्या आज्याचं नाव सरकारनं लिवून ठेवलं व्हतं का?" हाव म्हटलं भाऊ, ठेवलं होतं.

बँकेच्या खात्याचंही सांगते कारण ह्यावर लोक फार अडकतात. नुसतं खातं असून चालत नाही, ते आधारला सीडिंग झालेलं पाहिजे, म्हणजे डीबीटीचे, थेट येणारे सरकारी पैसे कोणत्या खात्यात टाकायचे ते वरच्या सिस्टिममध्ये नोंदलेलं पाहिजे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं सगळ्यांना वाटतं, ते तसं नसतं, वेगळा फॉर्म भरावा लागतो. आम्ही पोरांचे पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खाते काढले, दहा वर्षांच्या वरच्या मुलाचं निघतं, पोस्टमन भाऊ मशीन घेऊन शाळेतच आले. अडचण आली ती अंगठ्याची. ह्या पोरांचे अंगठे लागत नव्हते! आम्हाला वाटलं मशीन खराब. पोस्टमन भाऊंनी हात बघितले, म्हणे मोठ्या मजुरांचे असे होतात, बारक्यांचे पहिल्यांदा पाहिले. निंदणाचं गवत उपटून आणि आधीच्या वर्षीच्या कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून बोटांची कातडी घासलेली. हात धुऊन, तेल लावून, पुसून, पुन्हा पुन्हा लावून कसेतरी झाले. मी पोरांच्या हाताकडे त्या दिवशी पहिल्यांदा एवढं लक्ष देऊन बघितलं.

अभ्यास आम्ही समाजमंदिरात घ्यायचो, दिवे लागल्यावर, कारण आधी कोणी मोकळं नसतं. पेपर दोन असतात, एक बुद्धिमत्तेचा ९० मार्कांचा आणि एक शाळेच्या विषयांचा ९० मार्कांचा, त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. दीड दीड तास मिळतो. जुन्या प्रश्नपत्रिका मोबाईलवर मिळाल्या, गुरुजींनी शाळेच्या प्रिंटरवर काढून दिल्या. संख्यामालिका, आरशातली प्रतिमा, घड्याळ, दिनदर्शिका, सांकेतिक भाषा असले प्रश्न पोरांनी आयुष्यात पाहिले नव्हते आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त आवडले, कारण त्याला पाठांतर लागत नाही. विज्ञान जड गेलं. गणितात ती आधारवर वेगळ्या नावाची पोरगी मला तोंडी उत्तर द्यायची आणि कागदावर मांडताना अडकायची, तिला विचारलं तू तोंडी कसं करतेस, म्हणे ताई आम्ही काट्यावर करतो तसं, इतके किलो, किलोमागं इतके, त्यातून उचल वजा. कापूस वेचणीचा हिशोब घरात तीच ठेवते, बापाला फसवू देत नाही. मग मी शेकडेवारीची आणि गुणोत्तराची सगळी गणितं किलो आणि मजुरीतच घातली, आणि दोन आठवड्यात कागदावर यायला लागलं.

सगळ्यात कठीण भाग दिवाळीनंतर आला. परीक्षा डिसेंबरमध्ये असते, आणि दिवाळी ते संक्रांत म्हणजे इकडे भर वेचणी. कापूस फुटला की थांबत नाही, एक पाऊस पडला की भिजून भाव पडतो, म्हणून घरातलं प्रत्येक माणूस वावरात. दहा रुपये किलोच्या आसपास वेचाई असते, चांगली हाताची पोरगी दिवसाला आईच्या अर्धा तरी कापूस वेचते. वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. आमच्या समाजमंदिरातही पोरं यायची पण बसल्या बसल्या डोळे मिटायची, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेली, पेन धरताना दुखायचं.

पोरीची आई एक दिवस स्पष्टच बोलली. "ताई, तुमी चांगल्यासाठी सांगता मले समजते. पन हे चार आठवडे पोट्टी घरी बसली तं वर्षाचं तेल मीठ कशानं घेऊ? नंबर लागनच हे कोन लिहून देते?" कोणीच लिहून देत नाही. मी तिला खोटं आश्वासन दिलं नाही. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतंच, आणि मला राग येतो जेव्हा शहरातली माणसं अशा आईला अडाणी म्हणतात, तिला पोरीचं भलं कळत नाही म्हणतात. तिला सगळं कळतं. तिच्याकडे फक्त महिना दीड महिना थांबायची ऐपत नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला तो तिच्या सासूनं काढला. त्याच आजीनं, जिनं आधारवर घरचं नाव सांगितलं होतं. आजी म्हणाली पोट्टी सकाळी दोन तास येचन, मंग शाळेत जाईन, आन् तिची कापसाची पाटी मी भरतो. सत्तरच्या आसपासची बाई, कमरेत वाकलेली, नातीच्या जागी वेचायला गेली. गावात हे कळल्यावर आणखी दोन घरांनी तसंच केलं, एका घरी मोठ्या भावानं. बचत गटाच्या बायकांनीही ठरवलं की परीक्षेच्या दिवशीची गाडी गटाकडून, कारण परीक्षा रविवारी, केंद्र तालुक्याला, आणि रविवारी सकाळची एसटी येईलच याचा भरवसा नसतो. ह्या गाडीचा खर्च वह्यांपेक्षा कमी आला आणि उपयोग किती मोठा झाला ते मी बघितलंय. देणाऱ्यांनी अशा ठिकाणी द्यावं असं मला मनापासून वाटतं.

परीक्षेच्या आसपासच २० डिसेंबर येतो, गाडगेबाबांची पुण्यतिथी. आमच्या अमरावतीकडचे बाबा, त्यामुळे इकडे गावोगावी कार्यक्रम असतो. हातावर भाकर घेऊन खा पण पोराला शाळेत घाला हे बाबांचं सांगणं कीर्तनात दर वर्षी येतं, त्या वर्षी ते ऐकताना समोर बसलेल्या आजीकडे माझं लक्ष गेलं आणि मला पुढचं कीर्तन ऐकूच आलं नाही, डोळे भरून आले.

परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नसतं हे पोरांना आधी दहा वेळा सांगितलं होतं, एकही गोल कोरा ठेवू नका. गोल भरायची प्रॅक्टिस झेरॉक्सवर करून घेतली होती. दोन पेपरच्या मधे केंद्राबाहेर लिंबाखाली बसून पोरांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. बाकीच्या शाळांची पोरं क्लासच्या सरांसोबत आली होती, छापील नोट्स हातात. आमची जरा बुजली. पण पोडावरच्या पोरानं मला येऊन सांगितलं, "ताई, आरशावाले समदे आले मले." तेवढ्यावर मी दिवसभर खूश.

निकाल लागला. पोरीचं नाव जिल्ह्याच्या निवड यादीत आलं. एका कुणब्याच्या पोराचं पासिंग झालं पण यादीत आलं नाही, त्याचं घर रडायला लागलं, तेव्हा गुरुजींना कुठून तरी कळलं की मराठा कुणबी मुलांपैकी जे एनएमएमएस पास होतात पण निवडले जात नाहीत त्यांना सारथी ह्या सरकारी संस्थेकडून वर्षाला ९,६०० रुपये मिळतात, नववीपासून बारावीपर्यंत. त्याचा वेगळा अर्ज असतो. हे आमच्या पंचक्रोशीत कोणाला माहीत नव्हतं, तुमच्या गावातही नसेल तर सांगा. पोडावरचा पोरगा यादीत आला नाही. फार वाईट वाटलं मला, त्याच्यापेक्षा जास्त मलाच. पण कोतवाल पंजीवरून निघालेला जातीचा दाखला हातात होता, त्यावर नववीला आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज केला आणि तिथं नंबर लागला. आता आईला सोडून राहतो, सुट्टीत येतो तेव्हा उंच झालेला दिसतो.

नंबर लागला म्हणजे पैसे आले असं नाही हे मात्र लक्षात ठेवा, इथं पुष्कळ पोरं सुटतात. नववीत गेल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर मुलाला स्वतःचा अर्ज भरावा लागतो, मग हायस्कूलनं तो ऑनलाईन व्हेरिफाय करायचा, मग जिल्ह्याच्या शिक्षण विभागानं. मुदत गेली की संपलं. आणि नववी सरकारी किंवा अनुदानित शाळेतच पाहिजे, पोरगी हुशार निघाली म्हणून कोणी कौतुकानं विनाअनुदानित इंग्लिश स्कूलमध्ये टाकली की स्कॉलरशिप गेली. पोरीनं नाव घातलं त्या हायस्कूलमध्ये हा अर्ज आधी कोणाचा आलाच नव्हता, त्यामुळे लॉगिन कोणाकडे आहे हेच कोणाला सांगता येईना, जुने बाबू रिटायर झालेले आणि ओटीपी त्यांच्या नंबरवर जायचा. पोरगी रोज मानव विकासच्या, शाळकरी मुलींसाठीच्या निळ्या बसनं जायची आणि रोज ऑफिसात विचारून यायची. तिनंच पिच्छा पुरवला खरं तर. मी फक्त नंबर बदलायचा अर्ज लिहून दिला आणि जिल्ह्याला फोन लावत राहिले. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात झालं.

पैसे आले तेव्हा जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता. बारा हजार एकदम. आणि बापानं त्यातले काही सरकीच्या बॅगा आणि खताला मागितले. पोरगी माझ्याकडे विचारायला आली, ताई देऊ का. मला काही लोकांनी नंतर म्हटलं की तुम्ही द्यायला नको म्हणायला पाहिजे होतं, शिक्षणाचे पैसे आहेत. मी तसं म्हटलं नाही. पेरणी झाली नाही तर त्या घरात पोरगी शाळेत राहणार नाही, हे मला पैशाच्या नियमापेक्षा जास्त खरं वाटतं. तिच्या आईनं अर्धे दिले, अर्ध्यातून पुस्तकं, चप्पल, चष्मा घेतला, हो चष्मा, इतके दिवस फळा नीट दिसत नव्हता हे कोणाला माहीतच नव्हतं. दर वर्षी रिन्यूअल करायचं असतं आणि दहावीला ६० टक्के पाहिजेत, तेवढे तिला पडतील याची मला काळजी नाही. घरात आता तिला शाळा सोड असं कोणी म्हणत नाही. तिची कमाई आहे ना ती.

यंदाही आठवीचे कागद काढायला घेतलेत. आधार आणि रजिस्टर लावून झालं, खाते बघायचे आहेत. एका पोराचं आधारच नाही, त्याचा जन्म आईबाप ऊसतोडीला गेले होते तेव्हा तिकडेच कुठं फडावर झाला, नोंद कुठंच नाही, आणि वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद नुसती ग्रामपंचायत करत नाही, दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. सोमवारी त्याच्या आईला घेऊन तहसीलला विचारायला जाते आहे. सुईण कोण होती ते तिला आठवतंय म्हणते, तिचा जबाब मिळाला तर बरं होईल.